आमची मंडळी, त्यांची मंडळी

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे दुसरे, ते कुठे फसेल हे शोधणारा मी. सिंगापूरच्या एका बँकेत मी वर्षानुवर्षं हेच केलं. समोरचा "सगळं नीट चालतंय" म्हणाला की माझे कान टवकारतात. त्यामुळे बायको रविवारी सकाळी "जरा आंटींकडे जाऊन येते" म्हणाली आणि पुढचे तीन रविवारही तेच म्हणाली, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं.

आंटी म्हणजे सिंगापूरच्या सेम्बावांग भागात आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला राहणाऱ्या चिनी बाई. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या दाराबाहेरच्या कुंडीतला कढीपत्ता मागायला त्या पहिल्यांदा आल्या आणि मग येतच राहिल्या. माझी बायको पुण्यात कॉलेजात शिकवायची. इथे माझ्या नोकरीच्या आधारावर मिळालेल्या डिपेंडंट्स पासवर आल्यापासून ती घरीच होती, त्यामुळे दोघी मास्तरणींचं चांगलं जमलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

पण रविवारी आंटींच्या हॉलमध्ये ख्रिस्ती लोक जमत. शाळेत माझ्या वर्गात एक मराठी ख्रिस्ती मुलगा होता. तो चर्चच्या लोकांना मंडळी म्हणायचा, आज आमच्या मंडळीत जेवण आहे वगैरे. आमच्या घरी मात्र वडील चारचौघांत आईला "आमची मंडळी" म्हणत. थोडक्यात, माझी मंडळी त्यांच्या मंडळीत जायला लागली होती. ऑफिसातल्या एका मराठी मित्राला हे मी हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, ही माणसं आधी गोड बोलतात आणि एक दिवस पाण्यात बुचकळून बाहेर काढतात, तू वेळीच लक्ष घाल.

त्याच सुमाराला आमचं पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मंजूर झालं. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर राहणाऱ्या माणसाला पीआर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या वर्षांत परदेशी लोकांनी इथल्या नोकऱ्या पळवल्या म्हणून पेपरात रोज काहीबाही छापून यायचं आणि पासाचं नूतनीकरण जवळ आलं की मला जेवण जायचं नाही. आता ती टांगती तलवार जाणार होती. अडचण एकच होती. आमचा मुलगा अकरा वर्षांचा होता, आणि आईवडिलांबरोबर पीआर घेतलेल्या मुलाला अठराव्या वर्षी इथल्या लष्करात दोन वर्षं काढावी लागतात. इथल्या मराठी घरांत गणपतीच्या प्रसादाबरोबर हा विषय चघळला जायचा. काही जण मुलाला वगळून पीआर घेत, काही परत जात. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. दोन वर्षं शिस्त लागली तर पोराचं काही वाईट होणार नाही, आणि घराचं कायमचं बस्तान बसेल. दिलेल्या मुदतीत तिघांनी जाऊन सोपस्कार उरकायचे, इतकंच बाकी होतं.

बायको म्हणाली, थांब जरा.

माझ्या धंद्यात दोन बिघाड एकाच वेळी निघाले तर त्यांचं मूळ एकच असतं असं समजायचं. मी तपास सुरू केला.

आमच्या मजल्यावरचा शूट, म्हणजे कचरा खाली टाकायचं भोक, आंटींच्या घराच्या पलीकडे आहे. पुढच्या रविवारी मी कचरा टाकायला निघालो. त्यांचं दार सताड उघडं होतं, नुसतं जाळीचं लोखंडी दार लावलेलं. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. क्रूस नाही, मेणबत्ती नाही, झगा घातलेला पाद्री नाही, आणि दानपेटी तर कुठेच दिसेना. दानपेटी नाही म्हटल्यावर माझा संशय बळावला. देव फुकट कोण देतं? म्हणून घरी येऊन वर्तमानपत्रांची रद्दी पिशवीत भरली आणि दुसरी फेरी मारली.

या वेळी मंडळी खुर्च्यांवरून उठली होती. माझी बायको एकटी खुर्चीत बसलेली, तिचे पाय आपल्याकडे कपडे भिजवतात तसल्या निळ्या टबात, आणि आंटी जमिनीवर बसून ते धूत होत्या.

माझ्या लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले होते. मी पाटावर बसून फोटोग्राफरकडे बघत होतो. तिचे पाय तेव्हा कुणी धुतले नव्हते आणि त्यात काही राहून गेलं असंही मला वाटलं नव्हतं. आता मात्र भलतंच खटकलं. परक्या बाईने माझ्या बायकोचे पाय का धुवावेत, तिला काय हवंय? एवढ्यात आंटींनी मान वर करून मला पाहिलं आणि आत या म्हणून खूण केली. मी हातातली रद्दीची पिशवी उंच करून दाखवली आणि तिथून सटकलो.

दुपारी बायकोला विचारलं. ती म्हणाली, येशूने शिष्यांचे धुतले म्हणून तिथे सगळेच एकमेकांचे पाय धुतात, मीही आंटींचे धुतले. मग जेवताना तिने मुलाला त्या लोकांची गोष्टच सांगायला घेतली. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात मोठी धर्मसुधारणा चालली होती. झुरिकच्या सुधारकांनी पोपला झुगारलं, मूर्ती काढल्या, पण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणं काही सोडलं नाही, कारण बाळ जन्मलं की ते चर्चचंही आणि शहराचंही, असा हिशोब होता. काही तरुणांना ते पटेना. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने देवाला शब्द कसा द्यायचा? एका घरात जमून त्यांनी एकमेकांच्या डोक्यावर नव्याने पाणी घातलं. लोकांनी त्यांना शिवी म्हणून नाव ठेवलं, अॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे.

"मग?" मुलाने विचारलं.

मग त्या सुधारकांच्याच शहराने त्यांच्यातल्या काहींना नदीत बुडवून मारलं, ती म्हणाली. पाण्याची हौस आहे ना, मग घ्या पाणी. मुलाला हे भयंकर आवडलं. मला वेगळंच दिसत होतं. ती हे सगळं कॉलेजात शिकवायची त्या आवाजात सांगत होती, आणि तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी इंटरनेटवर शोधाशोध केली आणि शेवटी हवं ते सापडलं. याच पंथाच्या काही लोकांनी पुढे जर्मनीतलं म्युन्स्टर नावाचं अख्खं शहर ताब्यात घेतलं होतं. बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा असा हुकूम काढला, लोकांची मालमत्ता एकत्र केली, पुरुषांनी अनेक बायका केल्या. शेवटी शहर पडलं आणि म्होरक्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्याला टांगली. पिंजरे म्हणे अजून आहेत. घरी येऊन मी हे सगळं मीठमसाला लावून सांगितलं. बायको पोळ्यांची कणीक मळत होती. म्हणाली, ते मला माहीत आहे, आंटींनीच सांगितलं.

मग मात्र मी मुद्द्यावर आलो. तू बाप्तिस्मा घेतलास का, किंवा घेणार आहेस का? ती नाही म्हणाली. मी म्हटलं, देवाशपथ सांग.

"शपथ नाही घेत आता मी," ती म्हणाली. "नाही म्हटलं ना. तेवढं पुरे."

ही माणसं शपथ घेत नाहीत हे मी सकाळीच वाचलं होतं. रोज खरं बोलणाऱ्याला शपथेची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं एक वाचलेलं लक्षण माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळत उभं होतं, आणि दुसरं लक्षण आठवून मी हादरलो. ही माणसं शस्त्रही हातात धरत नाहीत. पीआरला ती थांब का म्हणाली याचा उलगडा झाला असं मला वाटलं. मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते. मी तिला स्पष्टच विचारलं, आपण कधी जायचं सोपस्कारांना?

"त्याला विचार आधी," ती म्हणाली. "दोन वर्षं त्याची जाणार आहेत."

मी म्हटलं, अकरा वर्षांच्या पोराला काय कळतंय. ती म्हणाली, कळत नसेल तर त्याच्या वतीने शब्द देऊ नकोस. हे वाक्य तिचं नव्हतं, मी कुठेही पैजेवर सांगितलं असतं. मी चपला घातल्या आणि कॉरिडॉरच्या टोकाला गेलो.

आंटी भाजी निवडत बसल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ विचारलं, माझ्या मुलाने लष्करात जाऊ नये असं तुम्ही माझ्या बायकोच्या डोक्यात भरवलंत का? त्यांनी उठून आधी दार लावून घेतलं. म्हणाल्या, तुमचं पीआर मंजूर झालं हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. इथे ती त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि ती बोलली असती तरी मी तुमच्या घरात नाक खुपसलं नसतं.

मला ते खरं वाटलं नाही. मी म्युन्स्टर काढलं. त्या उडवून लावतील, ते लोक आमचे नव्हेतच म्हणतील, अशी माझी खात्री होती, कारण बिघाड दाखवला की सगळेच तसं म्हणतात. आंटी म्हणाल्या, तेही आमचेच. लोकांना विचारणं सोडलं आणि तलवार हातात घेतली, म्हणून ते पिंजऱ्यात गेले. त्यांना विसरलो तर आम्हीही तेच करू. एवढं बोलून त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

मी तरीही उठलो नाही. एवढा खटाटोप करून तुम्हाला मिळतं काय, मी विचारलं. उत्तर म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाची हकिकत सांगितली. तो जन्मला तेव्हा त्यांची सासू म्हणत होती, बाळाला चर्चमध्ये नेऊन पाणी घालून आण, पुढचं कुणी पाहिलंय. आंटींनी नेलं नाही. तो मोठा झाल्यावर त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. आता बुकित तिमाहला राहतो, आणि रविवारी सकाळी पोरांना पोहायला घेऊन जातो.

"परत नाही विचारलंत?"

"एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ते विचारणं राहत नाही."

"वाईट वाटतं?"

"दर रविवारी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग लहानपणीच उरकून टाकायचं होतं, तुमचा राहिला असता. त्या म्हणाल्या, माझाच आहे, जेवायला येतो ना. इतकी वर्षं मी फसवणुकीच्या जागा शोधत आलो, पण लावणाऱ्याचंच नुकसान करणारा सापळा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला भाजीची एक जुडी दिली. मी ती घेऊन घरी आलो.

मुलगा सोफ्यावर कानात इयरफोन घालून लोळत होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि जमेल तितक्या सोप्या मराठीत सांगितलं, की आपल्याला इथे कायम राहायची परवानगी मिळतेय, घेतली तर तुला अठराव्या वर्षी दोन वर्षं आर्मीत जावं लागेल, नाही घेतली तर कदाचित कधीतरी परत जावं लागेल. तुला काय वाटतं? त्याने एका कानातला इयरफोन काढला.

"बाबा, यू आस्किंग मी ऑर टेलिंग मी?"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. विचारतोय, असं मी म्हणालो.

"देन आय कॅन से नो, राइट?"

मला आंटींचा रविवार दिसला, बँकेतली नोकरी दिसली, पुढच्या पासाचं नूतनीकरण दिसलं. हो, मी म्हणालो. तो म्हणाला, "ओके लाह, देन आय थिंक फर्स्ट," आणि इयरफोन परत कानात गेला.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. एकाला विचारल्यावर दुसऱ्याला न विचारणं आता शक्य नव्हतं. ती तव्यापाशी पाठमोरी उभी होती.

"आणि तू? तुला राहायचंय का इथे?"

"नाही," ती म्हणाली.

इथल्या नऊ वर्षांत हे मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो, आणि उत्तर द्यायला तिला तव्यावरची पोळी उलटण्याइतकाही वेळ लागला नाही.