पुलपिटाखालचा हौद

प्रत्येक स्थानिक मंडळीने सेवेसाठी जगाच्या टोकापर्यंत गेलं पाहिजे, हे आमच्या बाप्टिस्ट मंडळीत कुणालाही अमान्य नव्हतं. जगाचं टोक कुठं आहे यावर मात्र बरीच चर्चा झाली आणि शेवटी ते दौलताबादला ठरलं. तिथून संध्याकाळची परतीची बस मिळत होती.

त्यासाठी सेवा समिती नेमली. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. समितीने सर्वांत आधी फलक शिवून घेतला: जाड मांजरपाटाचा, दोन काठ्यांना बांधायचा, वर निळ्या रंगात 'जगाच्या टोकापर्यंत'. काठ्या कुणी धरायच्या, फोटोत मधोमध कोण उभं राहणार, सगळं ठरलं. तिथं जाऊन करायचं काय, हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला.

वाळूजला कारखाने येऊन मुकुंदवाडीच्या गल्ल्या भरू लागल्या तेव्हाची ही गोष्ट. चर्चच्या मागच्या गल्लीत कंपनीची बस धरणारी माणसं राहायची. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. बायका नळापाशी हंड्यांची रांग लावून ठेवत आणि हाक ऐकू यावी म्हणून दारं उघडी ठेवून घरातली कामं उरकत. आमच्या आवारात मात्र बोअर होता. धार बारीक, पण आटायची नाही.

आमच्यात लहान मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं तर तो बाप्तिस्मा धरत नाहीत. मोठ्या माणसाने स्वतः ठरवून पाण्यात बुडायचं. त्यासाठी पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, फळ्यांखाली पायऱ्यांचा सिमेंटचा हौद होता. ईस्टरला तो बोअरने भरायचा, दोन-चार जणांना बुडवायचं आणि उपासना संपली की बूच काढायचं. ते पाणी मागच्या गल्लीच्या गटारातून, रिकाम्या हंड्यांच्या रांगेशेजारून वाहत जायचं.

आईला हे खुपायचं. ती गोदाकाठच्या खेड्यातली. तिच्या माहेरच्या चर्चमध्ये बाळपणीच पाणी शिंपडायचे. "माझा झालाय एकदा. देवाला दोनदा सांगावं लागत नाय," असं म्हणून ती आमच्या हौदात कधी उतरली नाही. त्यामुळे ती चर्च झाडायची, पोरांना गाणी शिकवायची, सभेला चहा करायची, पण मंडळीची सभासद नव्हती आणि तिला मत नव्हतं. आमच्याकडे तर पडद्याचा रंगसुद्धा हात वर करून ठरतो. सभेच्या वेळी ती किटली घेऊन दाराशी उभी असायची.

त्या उन्हाळ्यात तिने माझ्याकरवी ठराव मांडला: ईस्टरचं पाणी सोडून न देता गल्लीला द्यावं आणि पावसाळ्यापर्यंत हौद भरत राहावा.

मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक डीकन उठले. "पुलपिटाखाली बायका हंडे घेऊन येणार? उद्या धुणं आणतील."

"ही सेवाच आहे की," मी म्हणालो.

"सेवेसाठी दौलताबाद ठरलंय ना."

मतं समसमान पडली. पाळकसाहेबांच्या एका मताने निकाल लागला असता. पण ते भले गृहस्थ होते आणि दोन्ही बाजू त्यांना जेवायला बोलवत. "प्रार्थनेत ठेवू," म्हणून त्यांनी सभा ईस्टरच्या उपासनेनंतर ठेवली.

घरी कणीक मळताना आई म्हणाली, "पाळकसाहेबांना सांग, मी बुडते."

मग माझ्या जिवाला चैन पडेना. बाप्तिस्मा का घ्यायचा, हे मंडळीपुढं उभं राहून सांगावं लागतं. आईला खोटं बोलता येत नसे, आणि खरं कारण मला माहीत होतं. मी उगाच हौद बघून यायचो, घरी येऊन बसायचो, पुन्हा जायचो. वीज गेली की पंप थांबे आणि पाणी गुडघ्याएवढंच राही.

"तारणाविषयी बोल, येशूने तुला वाचवलं ते सांग," मी तिला सुचवलं.

"ते हायच की. पण ते लहानपणापासनं हाय. बुडायचं ठरवलं आत्ता."

ईस्टरला तिने पांढरा झगा घातला. पाण्यात तो वर तरंगू नये म्हणून त्याच्या कडेला कारखान्यातले वॉशर शिवलेले असत. पाळकसाहेबांनी विचारलं आणि तिने सांगितलं, "सभेत हात वर करता यावा म्हणून."

डीकन म्हणाले, "बाई, बाप्तिस्मा मतासाठी नसतो."

"मग मत बाप्तिस्म्याला कुणी बांधलं, भाऊ? मी नाय बांधलं." तिने झगा सावरला. "येशूवर माझा विश्वास हाय. कव्हाच सांगितलं असतं. इथं मला कुणी इचारलं नाय. चहाचं तेवढं इचारलं."

पाळकसाहेबांनी पाण्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "या." गोदाकाठची असूनही आई जन्मात घोट्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. पायऱ्यांवर वॉशर वाजले. नाक धरून ती खाली गेली आणि खोकत वर आली. पाळकसाहेबांनी तिचा हात हातात घेऊन तिला सभासद करून घेतलं.

आशीर्वाद झाला. राखणदार सवयीने बुचाकडं निघाला, त्याला मी दंडाला धरून थांबवलं. सभा सुरू होताच डीकन म्हणाले, "बाईंनी आधी कपडे बदलून यावेत."

"ओल्या हाताचं मत मोजत नाय का?" आईने विचारलं. तिने हात वर केला तेव्हा कोपरातून पाणी गळत होतं. बाकीची मतं पुन्हा समसमानच होती; त्या एका हाताने ठराव पास झाला.

दुपारी गल्लीतली एक बाई हंडा घेऊन दारात थबकली. "अम्मा, चप्पल भायेर काढू क्या?"

"राहू दे," आई म्हणाली. "फरशी मीच पुसते."

पुढं ती एकाही सभेला गेली नाही. सभा लई लांबतात, म्हणाली. दौलताबादचा कार्यक्रम पुढं ढकलला गेला, कारण हौदाच्या फळ्या रोज उचलायला माणसं लागत होती. नंतर उचलायचा कंटाळा येऊन फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या, तेव्हा आईने उघड्या हौदावर 'जगाच्या टोकापर्यंत' हा फलक अंथरला. पाण्यात डास होत होते.