सगळं सेटल हाये

माझं लग्न ठरलं तेव्हा दादा म्हणाला, "चला, बाई सेटल झाली." हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, लग्न ठरण्याला इंग्रजीत असंच म्हणत असतील.

पुढे दादाला शाळेत इंग्रजीच्या मास्तराची नोकरी लागली, तेव्हा तोही सेटल झाला. सासरी, इंद्रवेल्लीला, आमचं किराणा दुकान आहे. तिथे माल टाकायला येणारा माणूस गाडीतून उतरायच्या आधीच म्हणतो, "सेठ, हिसाब सेटल करो." शेजारच्या दोन घरांची मारामारी पोलिसात गेली आणि चार माणसांनी चहा पिऊन मिटवली, तर केस सेटल झाली. मला टायफॉइड झाला होता तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोट सेटल व्हायला वेळ लागेल. एवढासा शब्द, पण सगळीकडे चालतो. मी एक मात्र पाहिलं आहे. ज्याचं काम झालेलं असतं, तोच हा शब्द बोलतो.

माझं माहेर तामसीकडचं. गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढचं शिक्षण आदिलाबादला, आणि तिथे सगळं तेलुगूत. दादा तिथे हॉस्टेलात राहून शिकला. मी चौथी झाले आणि कापूस वेचायला गेले. वेचणीचा पैसा हॉस्टेलात जायचा. मी केलं असं मला म्हणायचं नाही, तेव्हा घरोघरी तसंच होतं. पण दादाच्या घरी आता ते कोणाला आठवत नाही, म्हणून लिहून ठेवते.

शेतात विहिरीकडच्या कडेला आईने एक पट्टी आमची ठेवली होती. आमची म्हणजे बायकांची. तिच्यात अंबाडी, चवळी, थोडे तीळ, चार भेंड्या असायच्या. आमच्याकडे बहुतेक शेतांत अशी ओळ असते. बाप्ये कापूस लावून पुढे जातात आणि बाई मागून पदरातलं बी कडेकडेने टाकत जाते. त्या ओळीत काय उगवलं, किती निघालं, हे कोणी विचारत नाही. वडील कापसाच्या एकेका बोंडावरून आईला बोलायचे, पण त्या ओळीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. घरात, रानात, एवढी एकच जागा होती जिथे आई स्वतःच्या मनाने काही करायची. लग्नानंतर इकडे येणारं कोणी भेटलं की आई त्याच्याजवळ पिशवी द्यायची. पिशवीत अंबाडीचा पाला असायचा, वर ओलं फडकं टाकलेलं.

वडील गेल्यावर शेत आईच्या नावावर झालं. मागच्या वर्षी आई गेली.

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरचे मला म्हणाले, "आता अर्धं तुझं हाये. कायदाच हाये तसा. विकून टाकू, आदिलाबादला पोराला मोबाईलचं दुकान टाकून देऊ. पोरगा सेटल होऊन जाईल." मुलगा तिथेच मोबाईल पाहत बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी दादाचा फोन आला. "आईच्या शेताचं विरासतीचं काम करून टाकू बाई. सोमवारचा स्लॉट भेटला. तू रविवारीच ये, वैनी पुरण करून राह्यली. दोन मिनटाचं काम हाये, तुझं बोट लावलं की झालं."

ही आमच्याकडची रीत आहे. बहिणीला जेवायला बोलवायचं, साडीचोळी करायची, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन 'माझा हिस्सा भावाला' असं लिहून घ्यायचं. माझ्या दोन्ही आत्या तशाच आल्या होत्या, जेवून आणि साडी घेऊन गेल्या होत्या. त्यांना वाढायला मीच होते.

आमच्या घरचे म्हणाले, "जा, पन बोट लावू नको." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. या वाटेत उटनूरसारखा घाट असता तर रस्ता लांब झाला असता, असं उगाच वाटत राहिलं. तोंडातल्या तोंडात एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. दादा, बाकी सगळं तू घे, विहिरीकडची पट्टी माझ्या नावावर राहू दे. मला चार माणसांत बोलता येत नाही. दोघांतही आधी पाठ करावं लागतं.

दादाच्या घरी रविवारी शिकवणी असते. मी पोचले तेव्हा समोरच्या खोलीत दहावीची मुलं चटईवर बसली होती. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. पुरण शिजत होतं. वहिनीने माझ्यापुढे गुळाची ढेप आणि विळी ठेवली. मी गूळ चिरत बसले. दाराला पडदा होता, पण दादाचा आवाज मोठा आहे, सगळं ऐकू येत होतं. आणि आज नेमका तोच शब्द चालला होता.

"एका व्हर्बचे किती अर्थ निघतात ते पाहा," दादा म्हणाला. "सेटल डाऊन म्हणजे एका जागी स्थिर होणे. आपले पणजोबा पैनगंगेच्या पलीकडून आले आणि इथं सेटल डाऊन झाले. सेटल इन म्हणजे नव्या घरी रुळणे. सेटल अप म्हणजे देणंघेणं चुकतं करणे. आता सेटल फॉर. कोण सांगेल?"

वह्यांची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सेटल फॉर म्हणजे, जे पाहिजे ते भेटत नाई, म्हणून जे भेटते ते घेऊन चूप बसणे."

एका मुलीने विचारलं, "सर, एक्झांपल?"

दादा म्हणाला, "मला जिलेबी पाहिजे होती. घरी गूळच होता. आय सेटल्ड फॉर गूळ."

मुलं हसली. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाहा बाई, म्हंजे आमच्या घरी गूळच भेटते." मीही हसले. दादा चांगलं शिकवतो. चौथीपर्यंतच्या माणसालाही समजलं.

शिकवणी सुटली, आम्ही जेवायला बसलो. दादाने स्वतःच्या हाताने माझ्या पोळीवर तूप घातलं. आई गेल्यापासून असं कोणी वाढलं नव्हतं. मग बोलायला आणखीच जड गेलं.

"दादा, एक म्हणू का?"

"म्हण ना वं."

मी ताटाकडे पाहत बोलले. "बाकी सगळं तू घे. विहिरीकडची पट्टी तेवढी माझ्या नावावर राहू दे. अंबाडीची."

दादाचा हात थांबला. त्याने वहिनीकडे पाहिलं. मग तो हसला. लहान मुलीला समजवावं तसा. "एवढुशी पट्टी घेऊन काय करशील? तुला काय कमी हाये? दुकान हाये, पोरगा हाताशी आला. तू तर सेटल हायेस."

"अंबाडी लावीन."

"अंबाडी बजारात दहा रुपयाला भेटते."

वहिनी भातावर वरण घालत म्हणाली, "जावईबुवांनी शिकवून पाठवलं वाटते."

मी म्हटलं, "नाई वैनी. त्यांना माहीतबी नाई." ते खरं होतं. पण घरून निघताना मला काय सांगून पाठवलं होतं, तेही खरं होतं. माझा चेहरा पडला असेल. वहिनी म्हणाली, "असू द्या, असू द्या, पोळी घ्या." त्यानंतर मी जे काही म्हटलं असतं ते माझं राहिलंच नसतं. जन्मात एक गोष्ट मी स्वतःहून मागितली, आणि तीही नवऱ्याची झाली.

हात धुताना दादा जवळ आला आणि हळू बोलला. "तुझ्यापासून काय लपवू. प्लॉटिंगवाले आले होते. रस्ता विहिरीकडून हाये, त्यायले तीच बाजू पायजे. ती पट्टी ठेवली तर आत जायला वाटच नाई. मी शब्द देऊन बसलो. सगळं सेटल हाये."

म्हणजे विहीरसुद्धा जाणार होती. पाण्याच्या पाटावर दगड रोवून, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडणार होते. आणि हे मला पुरण खाऊन झाल्यावर कळलं.

सोमवारी आम्ही तिघं मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत गेलो. वहिनीच्या हातात कापडदुकानाची पिशवी होती आणि तिच्यात माझी साडी, जांभळी, बारीक जरीची. पिशवीचं तोंड उघडं होतं. काम झाल्यावर द्यायची असणार.

कॉम्प्युटरवाल्या पोराने आधी दादाचं बोट घेतलं, फोटो काढला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "अम्मा, वेलू." म्हणजे बोट. दादाने मला पुढे केलं. मी हात पदराखाली घेतला आणि म्हटलं, "नाई."

कोणाला ऐकू गेलं नाही. पंखा खडखडत होता आणि मागे लोक बोलत होते. दादाने माझा हात धरून बोट यंत्रावर ठेवलं. मी उचललं. पोराला वाटलं, बोट लागत नाही. त्याने यंत्र फडक्याने पुसलं. "कपास चुन चुन के औरतों की उंगली घिस जाती है," तो हिंदीत दादाला म्हणाला. "पानी से धोओ." वहिनी बाटली घेऊन आली. तिने माझं बोट धुतलं, स्वतःच्या पदराने पुसलं, नखापासून खालपर्यंत, नीट. "आता लागते पाहा," ती म्हणाली.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "डोक्याला घास बाई, तेल लागलं की ठसा उठते." सगळे मदत करत होते.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग जोराने म्हटलं, "बोट लागते. मीच लावत नाई."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पोराने दादाकडे पाहिलं. दादाने खाली पाहिलं. मागून कोणीतरी पुढचा नंबर म्हणालं.

बाहेर कडुनिंबाखाली दादा उभा राहिला. त्याचा आवाज शिकवणीतल्यासारखा नव्हता. "काऊन केलं असं? लोकायले काय तोंड दाखवू मी? तुझ्या बोटासाठी नाई आलो इथं, तुझ्यावर भरोसा होता म्हणून आलो."

मला म्हणायचं होतं, हॉस्टेलात होतास तेव्हा याच बोटांवर भरोसा होता. पण ते वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. ते मला घरी आल्यावर सुचलं.

वहिनी म्हणाली, "चला हो. यांचा भाऊ सरला, नवरा उरला." दोघं ऑटोत बसले. साडीची पिशवी तिच्या मांडीवर होती. ऑटोत तिसऱ्याला जागा होती. मी बसच्या थांब्याकडे चालत गेले.

घरी पोचायच्या आधीच आमच्या घरच्यांना कळलं होतं. दादाने फोनवर शिव्या दिल्या असणार. ते दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि हसत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे पाहून असे हसले नव्हते. "शाबास. मला वाटलं होतं तू रडून बोट लावून येशील." त्यांनी मुलाला पाठवून जिलेबी आणली. पुडा माझ्यापुढे उघडला. "खा. आता वकिलाला भेटू, अर्धं वेगळं काढू."

मी म्हटलं, "मी वकिलाजवळबी बोट लावणार नाई."

"म्हंजे?"

"आईच्या नावावर राहू द्या."

"मेलेल्या मान्साच्या नावावर?"  मग त्यांनी विचारलं, "मग तुला पायजे तरी काय?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. म्हणून मी सांगितलं. विहिरीकडची पट्टी, अंबाडी, चवळी, सगळं. ऐकून ते मुलाकडे वळले. "ऐकलं का? भाजीसाठी भाऊ तोडून आली तुझी माय." मुलगा हसला. जिलेबी त्या दोघांनी खाल्ली. मला कोणी नाही म्हटलं नाही, पण पुडा त्यांच्याकडे सरकला होता.

त्याला आता वर्ष होत आलं. राखीला मी फोन केला, तो वहिनीने उचलला आणि दादा झोपला आहे म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते. भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीच्या अंगावर जांभळी साडी होती, असं माझ्या एका नात्यातल्या बाईने सांगितलं. चांगली दिसत होती म्हणे. आमच्या घरचे हिशोबापुरतं बोलतात. मुलगा एका मोबाईलच्या दुकानात कामाला लागला. त्याला कोणी काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतो.

शेत आईच्याच नावावर आहे. दादाने ते बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं आहे, ते मी अडवू शकत नाही आणि मला अडवायचंही नव्हतं. प्लॉटिंगवाले दुसरीकडे गेले.

परवा मी तामसीच्या बसमध्ये बसले. बायांना आता बसचं तिकीट लागत नाही, म्हणून कोणाला विचारावं लागलं नाही. फाट्यावर उतरले आणि शेतापर्यंत चालत गेले. कापूस कमरेइतका झाला होता. तो थेट विहिरीच्या काठापर्यंत लावला होता. मधे ओळ नव्हती. पाट बुजवून तिथेही कापूसच होता. फक्त विहिरीच्या दगडांत, जिथे नांगर जात नाही, तिथे आपोआप आलेली अंबाडी होती, लाल दांड्याची.

मी पाहत उभी होते तेवढ्यात बटईदार आला. नवा माणूस, मला ओळखत नव्हता. "कोन पायजे बाई?"

मी म्हटलं, "कोनी नाई. बस चुकली."

मी जिकडे पाहत होते तिकडे तो गेला. वाकून त्याने अंबाडीचे शेंडे खुडले, चांगले मूठभर, आणि माझ्यापुढे धरले. "घेऊन जा. इथं कोनी खात नाई. पैशे नाई लागत."

मी पदर पुढे केला. त्याने त्यात अंबाडी टाकली. मी ती घेऊन थांब्यावर जाऊन उभी राहिले.