केसपेपरवरची लाल रेघ

सिस्टर अक्का डॉक्टरांनी लिहिलेले शब्द खोडायच्या. लाल पेनने, आणि डॉक्टर समोर उभे असताना. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्याच्या एका दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या अक्षरांवरून ती रेघ फिरली. मी लिहिलं होतं, 'पेशंट जेवत नाही.'

"म्हणजे काय, डॉक्टर?" अक्कांनी विचारलं. "भूकच नसेल तर ॲनोरेक्सिया लिहा. भूक आहे पण घास उतरत नाही, तर डिसफेजिया. उतरताना दुखतं, तर ओडिनोफेजिया. तुम्ही सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबता."

अक्का जळगावच्या, मेहरूणच्या. हे शब्द त्यांनी वर्षानुवर्षं राउंडला कान देऊन उचलले होते. जेवणाची गाडी आली की बाकीच्या सिस्टर चहाला जायच्या. अक्का खाटेशी स्टूल ओढून बसायच्या आणि पेशंटच्या गळ्याकडे बघत राहायच्या.

साक्रीकडच्या एका म्हातारीला तिच्या मुलाने आणलं. वडील वारल्यापासून, दोन महिने झाले, आईने अन्न सोडलंय म्हणाला. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या आमच्या मोठ्या सरांनी तिला धड तपासलंही नाही. "मनाचं आहे. अन्न नाकारते. उद्या घरी सोडा." मी तसंच लिहून घेतलं.

"सर, ती नाकारत नाही," अक्का म्हणाल्या. "दूध पिते. भाकरी अडकते. तीन दिवस बघतेय मी."

"सिस्टर, निदान मी करतो."

अक्कांनी म्हातारीपुढे ताट सरकवलं. तिने भाकरीचा तुकडा चावला, गिळायला गेली आणि छातीच्या मधोमध मूठ दाबून धरली. डोळ्यांतून पाणी आलं. घास परत ओंजळीत आला. "माले भूक शे, माय," ती अक्कांना म्हणाली, "पन घास खाले उतरस नही."

मी मान खाली घालून केसपेपर चाळू लागलो.

"डिस्चार्जचा कागद माझ्या हातून जाणार नाही," अक्का म्हणाल्या. "आधी बेरियम पाजून अन्ननलिकेचा एक्स-रे फोटो काढा."

"बदली करीन तुमची!"

"करा. पण फोटो काढून करा."

फोटो निघाला. अन्ननलिका एका जागी अगदी दोऱ्याएवढी झाली होती. पुढच्या तपासणीत कळलं, कर्करोग नव्हता. नळी घालून घालून ती जागा रुंद केली, आणि काही आठवड्यांनी म्हातारीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची अख्खी भाकरी खाल्ली. मुलगा तिच्या पायाशी बसून रडला. दोन महिने तो तिला 'हट्ट सोड' म्हणून रागावत होता.

बदलीही झाली, फैजपूरकडे. माफी लिहून द्या, ऑर्डर थांबवतो, असा सरांचा निरोप आला. अक्कांनी कागदावर लिहिलं, 'माफी मागण्यासारखं काही आढळलं नाही.' खाली ठसठशीत सही केली.

मी त्यांना गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. "अक्का, दोन ओळी लिहिल्या असत्या तर राहिला असतात," म्हणालो.

त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्हालाही दिसत होतं, डॉक्टर. तुम्ही का बोलला नाहीत?"

गाडी सुटली.

पुढच्या आठवड्यात एका बाईला सर न तपासताच घरी सोडायला निघाले. मी पेन खाली ठेवलं.

"सर," मी म्हणालो, "तिला सोडावं असं मला वाटत नाही."