अंगी लागलेलं पाणी

अन्याय झाला तो माझ्या चार वर्षांच्या भाचीवर. पोळ्याच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या गावच्या अंगणवाडीत, पोरांची वजनं घेताना. करणाऱ्यांत मी होते. टाळी मीच वाजवली.

मी कुपोषणावर पत्रकं लिहिते, वाटते. आमच्या कामात पोराचं वजन वाढलं की आपण जिंकलो. एका महिन्यात भाची दोन किलोंनी वाढली होती, वजनाच्या तक्त्यावर कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यातून चांगल्या वजनाच्या हिरव्यात गेली होती. गाल टम्म, डोळे बारीक. शेजारची बाई म्हणाली, "आत्याच्या हातचं अंगी लागलं वं हिले!" मी फुगले. चड्डीची नाडी पोटात रुतली होती. ते पाहिलं मी, आणि नाडी सैल बांधली. बस.

चार दिवसांनी लघवी होईना. झाली तर थोडीशी, फेसाळ. वहिनी बाळंतीण, भाऊ धानाच्या बांधीत. मीच तिला जवळच्या दवाखान्यात नेलं, भरती करा म्हटलं आणि मोठ्या ऐटीत वजनाचं कार्ड पुढं केलं. डॉक्टर म्हणाले, "खाती-पिती पोरगी आहे, वजन मस्त आहे. भरती कशाला?" ॲलर्जीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. माझ्या हिरव्या पट्ट्यानंच तिची खाट नाकारली.

आणखी दोन दिवसांत पापण्या उघडेनात, धाप लागली. चंद्रपूरला नेलं. तिथल्या सिस्टरनं नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. लघवीत पट्टी बुडवली, रंग पालटला. "किडनीतून प्रथिनं गळून राह्यली. हे बाळसं नाई बाई, पाणी आहे. आत्ताच भरती करा."

खाटेपाशी रात्रंदिवस एकच माणूस राहू देत. अकरा दिवस तो माणूस मी. लघवी मापात धरायची, लिहायची. पाणी मोजून द्यायचं, जेवण अळणी. ती ओठ चाटत म्हणायची, "आत्या, मी काय केलं? मले पाणी काऊन नाई देत?" मी ओल्या बोटानं तिचे ओठ पुसायची. भेटीच्या वेळी बाकी पोरांकडं आज्या यायच्या, मावश्या यायच्या, डबे उघडायचे. मी भिंतीकडं तोंड करून अळणी भात कालवायची.

गावात रेंज नाही. भाऊ टाकीवर चढून फोन करायचा.

"वजन किती झालं?"

"दीड किलो उतरलं."

"म्हणजे खराब झाली का वं?"

"नाई भाऊ. चांगली होऊन राह्यली."

इतके दिवस वजन वाढण्याचे गुण मीच त्याला शिकवले होते. आता उलटं सांगणारीही मीच. त्यानं फोन ठेवला.

पोरगी घरी आली, वाळकी, खरी. हा आजार उलटतो म्हणतात, म्हणून दर सकाळी तिची लघवी मी तसलीच पट्टी बुडवून तपासते. गावात हे कोणाशी बोलावं असं माणूस नाही. शेजारची बाई म्हणते, "दवाखान्यानं पोरगी वाळवली."

तुम्ही वाचताय ना, मग ऐका. लेकराचं तोंड, पाय सुजले तर वजनाचं कार्ड घरी ठेवा आणि लघवी तपासून मागा. लघवी कमी झाली, दम लागला, ताप आला की पोट दुखलं, तर त्याच दिवशी भरती मागा. नाही म्हणाले तर कारण सहीनिशी लिहून मागा, आणि ते लिहीपर्यंत दारातून हलू नका.