गाजर गवताचे कण

नवऱ्यालासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

भोपाळच्या एका प्रयोगशाळेत मी चिखल तपासते. तळ्याच्या तळातून नळीने काढलेला, हजारो वर्षांपूर्वीचा. त्यात तेव्हाचे परागकण शाबूत असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, मोजायचे — मग कळतं, इथे तेव्हा जंगल होतं की नुसतं गवत, पाऊस भरपूर होता की तुटपुंजा.

चिखल आम्लात उकळून कण मोकळे करायचं काम शफीकभाईंचं. शिक्षण बारावी. सूक्ष्मदर्शकात बघायला मीच शिकवलं त्यांना, आणि नजर अशी तयार झाली की मी अडले तर त्यांनाच हाक मारायची. हे मला खुपत होतं का? तेव्हा विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं.

सप्टेंबरातला शुक्रवार. शफीकभाई नमाजला गेलेले. जाताना म्हणाले होते, उकळलेल्या नमुन्याच्या नळ्यांना झाकणं लावायची राहिलीत. मी लावते, म्हटलं. तेवढ्यात वीज गेली. पंखा बंद, जीव नकोसा झालेला — आणि मी खिडकी उघडली. ती कधीही उघडायची नाही, हा आमचा पहिला नियम. मग मुलीच्या क्लासमधून फोन आला. बोलत बोलत बाहेर गेले. परतले तेव्हा अर्धा तास उलटला होता. खिडकी लावली, झाकणं लावली. कुणी पाहिलं होतं?

तीन आठवड्यांनी त्याच नमुन्याची मोजणी करताना एक काटेरी गोल कण दिसला. मग दुसरा. मग बरेच. गाजर गवत — त्याच खिडकीबाहेर, प्रयोगशाळेमागच्या रिकाम्या प्लॉटवर माजलेलं. आपल्या देशात ते आलं अगदी अलीकडे. हजारो वर्षांच्या चिखलात असणं शक्यच नाही. आणि त्या थराचा चिखल संपलेला. जंगल संपून गवत सुरू होतं, नेमका तो थर — ज्याच्यासाठी आम्ही सगळं आरंभलं होतं.

नमुना बाद झालाय, हे मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना, त्याच दिवशी सांगितलं. मीटिंगमध्ये सर म्हणाले, स्वतःची मेहनत स्वतः खोडायला प्रामाणिकपणा लागतो. मग त्यांनी विचारलं, नमुना तयार कुणी केला होता?

मी गप्प बसले. रजिस्टरमध्ये सही शफीकभाईंची होती.

त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. बाटल्या मोजून द्यायच्या. त्या संध्याकाळी ते जिन्यात माझ्यासाठी थांबले होते.

“मॅडम, गलती मुझसे ही हुई होगी. आपकी महीनों की मेहनत गई.”

माझ्यावर त्यांनी इतका विश्वास टाकला होता की झाकणांची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. आठवली तरी असेल का? आणि मी काय केलं? — “जाने दीजिए, शफीकभाई,” म्हटलं. माझ्या चुकीसाठी मी त्यांना माफ केलं.

आमचा शोधनिबंध छापून आला. त्या थराच्या जागी आलेखात रेघ तुटलेली आहे.

गेल्या वर्षी ते स्टोअरमधूनच निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्या नजरेबद्दल बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते लाजले.

ते अशोका गार्डन वस्तीत राहतात. अयोध्या नगरला घरी जाताना त्यांची गल्ली रोज माझ्या वाटेवर लागते. कधी कधी ते कोपऱ्यावर उभे असतात आणि हात हलवतात. मीही हलवते. गाडी मी एकदाही थांबवलेली नाही.