नकाराला होकार म्हणणारं सॉफ्टवेअर

"कोनं हात लावला सिस्टीमले? कोनं?"

ओरडत होते इंगळेसाहेब, आमच्या अमरावतीच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. आवाज असा, की तिकडे सेमाडोहच्या जंगलात वाघानं कूस बदलली असेल.

हात मी लावला होता. कापूस खरेदी केंद्रावर गाडी कधी आणायची, त्याचा नंबर लावणारं सॉफ्टवेअर आमचं. अकोल्यापर्यंतच्या सगळ्या बुकिंग सेंटरवर तेच. सकाळी त्यातली एक लायब्ररी मी अपडेट केली आणि दुपारी निम्मे स्क्रीन लाल: 'नोंद झाली नाही.'

लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून जगाला फुकट वाटलेला तयार कोड. ही लायब्ररी आमच्या प्रोग्रामची पोस्टमन. केंद्राच्या सर्व्हरकडे अर्ज न्यायचा, उत्तर आणायचं. जुन्या व्हर्जनमध्ये सुरक्षेचं भोक होतं, ते बुजवायला हे मेन्टेनन्स अपडेट आलं. सोबत एक बारीक बदल. सर्व्हरनं नकार दिला, तर पोस्टमन आता तो गुपचूप आमच्या हातात देणार नाही, एरर म्हणून दारातच बोंब मारणार.

मग आधी काय होत होतं? कोड उघडला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: उत्तर आलं, की शेतकऱ्याला 'नंबर लागला' असा मेसेज पाठवा. उत्तरात काय आहे, ते वाचायची भानगडच नाही. 'जागा नाही' हेही शेवटी उत्तरच.

"जुनं व्हर्जन टाक," साहेब म्हणाले.

"जुन्यात लोकायले खोटे मेसेज जाऊन राहिले, साहेब."

"एक तरी तक्रार आली का आजवर?"

तक्रार तेवढ्यात जिना चढून आली. मूर्तिजापूरचे जमीलभाई, स्वतःचा कापूस भरलेला टेम्पो तिथल्या केंद्राच्या गेटवर उभा करून एसटीनं आलेले.

"मेसेज दाखवला तं गेटवाला हसला मले. आभाळ भरून आलं. कापूस भिजला तं कोन घेईल?"

मी त्यांची नोंद शोधली. "सर्व्हरनं तं नाहीच म्हटलं होतं, जमीलभाई."

"मंग मले हो कोनं म्हटलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग दबक्या आवाजात पुन्हा तेच, "जुनं टाक तू."

मी कीबोर्ड उपसून काखेत मारला. दहा बैल जुंपले असते तरी सुटला नसता. "आधी केंद्रावर फोन लावा. जमीलभाईंसमोर सांगा, मेसेज आपण खोटे पाठवले म्हणून."

साहेबांनी फोन लावला. वाघ उठवणारा माणूस डासालाही लाज वाटेल इतक्या बारीक आवाजात बोलला. केंद्रवाल्यानं त्यांना शिव्यांची आंघोळ घातली, पण खोटे मेसेज गेलेल्या गाड्या आधी घ्यायचं कबूल केलं. पावसाच्या आत जमीलभाईंचा कापूस वजनकाट्यावर चढला.

नवीन व्हर्जन राहिलं. अपडेटनं सिस्टीम बिघडली असं ज्याला त्याला वाटतं. पुष्कळदा ती आधीच बिघडलेली असते, अपडेटनं फक्त दिसते.

पुढे साहेब मूर्तिजापूरच्या केंद्रावर गेले, तेव्हा मीही सोबत होतो. जमीलभाई भेटताच साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आता बिनघोर राहा. सिस्टीम खोटं बोलत नाही."

जमीलभाईंनी तो हात काढून ठेवला.

"मेसेजखाली नाव तं तुमचं होतं, साहेब."