ट्रामवाला दादा

निरोप आला तेव्हा मी बुलढाण्याच्या शाळेत फळ्यावर गणित सोडवत होतो. आमच्या गावाहून, साखरखेर्ड्याहून आलेल्या एका माणसानं दारातूनच सांगितलं, "मास्तर, तुमचे दादा गेले." मी मान हलवली आणि गणित पूर्ण केलं. उत्तरही बरोबर आलं. याला आता दीड महिना झाला. सगळे मला विचारतात, रडलास का? नाही रडलो. काहीच होत नाही. जेवतो, तास घेतो, झोपही लागते.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तो मुंबईला ट्रामवर ड्रायव्हर होता. मी परीक्षेसाठी गेलो होतो तेव्हा त्यानं मला त्याच्या गाडीत पुढेच बसवलं. खाकी कोट घालून तो दिवसभर उभा... ट्राम उभ्यानंच चालवायची असे. डाव्या हाताचा दांडा फिरवला की गाडी पळे, उजव्या हाताचा फिरवला की थांबे. एवढ्या मोठ्या शहरातली माणसं याच्या हातावर विसंबून आहेत, याचा मला भारी तोरा चढला होता. गावी येऊन मी ते ज्याला त्याला ऐकवलं, जरा मीठमसाला लावूनच.

पुढे ट्राम बंद झाली आणि दादा कायमचा गावी आला. का आलास विचारलं तर म्हणे, "मन नाही लागून राह्यलं." आम्ही ते खरं धरलं.

त्याच वर्षी चिखलीच्या एका बागायतदाराची जीप गावात अडकली. तिचा ड्रायव्हर तापानं फणफणून चावडीत आडवा झाला होता. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी चालवणारं कुणी नव्हतं. मी सुट्टीला आलेलो. सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणालो, "कोणी कशाले पाह्यजे? आमच्या दादानं जिंदगीभर मुंबईत गाडी चालवली!" दादा माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग मुकाट्यानं जीपमध्ये बसला. गाडी सुरू झाली, गेलीही सरळ पन्नास पावलं. पुढे रस्ता डावीकडे वळत होता. जीप वळली नाही. ती तशीच नाकासमोर जाऊन ज्वारीच्या शेताच्या काटेरी कुपाटीत घुसली.

कुणाला लागलं नाही. दादा खाली उतरला, कोटात रुतलेले काटे काढत म्हणाला, "मले वळवता येत नाही बाप्पा. तिथं रूळच वळत होते."

लोक पोट धरून हसले. आणि मीही हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो, कारण मला माझी लाज झाकायची होती. आजारी माणसाला शेवटी बैलगाडीतून नेलं. त्यानंतर गावानं दादाचं 'सरळ ड्रायव्हर' असं नाव पाडलं, ते शेवटपर्यंत चिकटलं. त्या हसण्याची माफी मागायची असं मी दर सुट्टीत ठरवायचो. गेल्या दिवाळीत तो मला एस.टी.पर्यंत सोडायला आला होता. तेव्हाही ओठांवर आलं होतं... तेवढ्यात गाडी आली.

तेराव्यानंतर वहिनी ओटा सारवत होत्या. मी शेजारी बसून एकदाचं ते हसण्याचं बोलून टाकलं. वहिनींचा हात थांबला नाही.

"त्यायले मालूम होतं न भाऊजी, गाडी वळवायच्या चाकावर आपला हात बसत नाही म्हणून. ट्राम बंद झाल्यावर मुंबईत त्यायले बस शिकवाले नेलं होतं. तिथं नापास केलं. म्हणून तर घरी आले."

"मंग जीपवर काऊन बसला तो?"

"मी बी तेच पुसलं. तर म्हणे, धाकट्यानं चार लोकांत सांगून टाकलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तो खोटा पडला असता."

वहिनी सारवत सारवत खांबापाशी आल्या. तिथं जमिनीत टाचेएवढा खड्डा पडला आहे. ट्रामची घंटा पायानं वाजवायची असे. दादा त्या खांबाला टेकून उभा राही आणि अंगणात नातवंडं धावत आडवी आली की टाच आपटी. पोरं खिदळत बाजूला होत.

"बुजवू का भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

परवा पुन्हा गावी गेलो होतो. त्या अजून खड्डा सोडून भोवतीनंच सारवतात.